चेसापीकच्या पाण्यात कुणाची माती?

अमेरिकेच्या मेरीलँडमध्ये जोपा नावाचं एक भरभराटीचं बंदर होतं. अठराव्या शतकात तंबाखूची पिंपं लादून इथून जहाजं थेट इंग्लंडला निघत. बाल्टिमोर काउंटीचं न्यायालय इथेच होतं, गोदामं इथेच, व्यापाऱ्यांची घरंही इथेच. वरच्या अंगाला गनपावडर नदीच्या खोऱ्यात रान तुटत होतं. तंबाखू तीन-चार वर्षांत जमिनीचा कस संपवतो. मग ती जमीन टाकायची, पुढचं जंगल तोडायचं आणि तिथे नवी लागवड करायची, अशी रीत होती. उघड्या पडलेल्या उतारांवरची माती दर पावसाळी वादळात नदीत उतरली आणि नदीने ती बंदराच्या तोंडाशी आणून टाकली. १७६८ साली काउंटीचं ठाणं जोपातून उठून बाल्टिमोरला गेलं. १९४५ साली एल. सी. गॉटशाल्क या अभ्यासकाने चेसापीक खाडीच्या वरच्या भागातल्या गाळाचा इतिहास लिहिला, तेव्हा जोपाची जहाजं बांधायचे दगडी खांब जहाज चालेल अशा पाण्यापासून सुमारे दोन मैलांवर होते.

जोपा एकटं नव्हतं. पोर्ट टोबॅको आणि वॉशिंग्टनच्या वेशीवरचं ब्लेडन्सबर्ग ही बंदरंही अशीच गाळाने बुजली. जिथे समुद्र ओलांडून आलेली जहाजं नांगर टाकत, तिथे दलदल झाली. नुकसान खालच्या व्यापाऱ्याचं झालं आणि माती वरच्या शेतकऱ्याची गेली. दोघांनाही त्याबद्दल काही करता आलं नाही.

कारखान्याच्या पायपातून येणारी घाण कुणाची, हे पायपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन सांगता येतं. मालकाला परवाना देता येतो, मर्यादा घालता येते, दंडही करता येतो. पावसाबरोबर हजारो वावरांतून, गोठ्यांतून, रस्त्यांवरून आणि अंगणांतून येणाऱ्या गढूळ पाण्यावर मात्र कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. अशा प्रदूषणावर अमेरिकेने जो मुख्य उपाय शोधला तो दंडाचा नाही, अनुदानाचा आहे. सरकारने शेतकऱ्याच्या किंवा गावाच्या खर्चात वाटा उचलायचा आणि त्या बदल्यात पाणी स्वच्छ सोडून घ्यायचं. ही रीत कशी पडली, कुठे फळली आणि कुठे कमी पडली, हे पाहायला चेसापीकच्या खाडीइतकी चांगली जागा नाही.

ही खाडी सुमारे ३२० किलोमीटर लांब आहे, पण सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर. तिच्यात पाणी आणणारा प्रदेश मात्र १ लाख ६५ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा. न्यूयॉर्क, पेनसिल्वेनिया, डेलावेअर, मेरीलँड, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या सहा राज्यांतलं आणि राजधानी वॉशिंग्टनमधलं पाणी तिच्यात उतरतं. खाडीच्या पाण्याच्या पृष्ठभागाच्या चौदा पट जमीन तिच्या पाणलोटात आहे. ताट एवढंसं आणि वाढणारे हात लाखो, अशी तिची अवस्था. वरच्या शेतात टाकलेलं जास्तीचं खत खाली आलं की पाण्यात शेवाळ माजतं, पाण्याखालच्या गवताचा उजेड अडतो, शेवाळ मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि उन्हाळ्यात खाडीच्या तळाशी मासे-खेकडे जगू शकत नाहीत. एकेकाळी कालवं हे पाणी गाळत. एकोणिसाव्या शतकात खाडीत जितकी कालवं होती, ती सगळ्या खाडीचं पाणी काही दिवसांत गाळून काढत असतील, असा अंदाज शास्त्रज्ञ रॉजर न्यूएल यांनी १९८८ साली मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेसुमार उपशाने कालवं संपत गेली, तसा तोही आधार गेला.

अनुदानाच्या रीतीचं मूळ याच पाणलोटात सापडतं. १९०५ साली ह्यू हॅमंड बेनेट हा तरुण सरकारी मृदा सर्वेक्षक व्हर्जिनियातल्या लुइसा काउंटीत जमीन तपासत होता. कापूस पिकवणाऱ्या नॉर्थ कॅरोलिनाच्या घरातला हा मुलगा. एकाच उतारावर त्याला शेजारीशेजारी दोन जमिनी दिसल्या. जंगलाखालची माती भुसभुशीत, ओलसर आणि खोल होती, तर शेतातली घट्ट चिकणमाती. घळी पडल्या नव्हत्या, ओघळीही ठळक नव्हत्या. पावसाने शेतावरचा वरचा थर पातळ पातळ करत उचलून नेला होता आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. लुइसातलं पाणी पामंकी आणि यॉर्क नद्यांतून चेसापीकमध्येच जातं.

बेनेट ज्या खात्यात काम करत होते त्याच खात्याने १९०९ साली, माती हा देशाचा कधीही न झिजणारा ठेवा आहे, असं छापलं. बेनेट वीस वर्षं त्याविरुद्ध बोलत राहिले. १९२८ साली कृषी खात्यानेच त्यांची धूप हे राष्ट्रीय संकट असल्याचं सांगणारी पुस्तिका काढली आणि पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने धुपीच्या संशोधन केंद्रांसाठी १ लाख ६० हजार डॉलर मंजूर केले. मंदीच्या काळात, १९३३ साली, रूझवेल्ट सरकारने सार्वजनिक कामांच्या निधीतून ५० लाख डॉलर देऊन धूप नियंत्रणाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि बेनेटना तिचा प्रमुख नेमलं.

तिचं पहिलं प्रात्यक्षिक विस्कॉन्सिनमधल्या कून व्हॅलीत झालं. बेनेटनी एखादं नमुन्याचं शेत निवडलं नाही, कून ओढ्याचं सुमारे ९० हजार एकरांचं अख्खं खोरं घेतलं. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांचं हे डोंगराळ खोरं. उभ्या उतारावर नांगरट आणि डोंगरमाथ्यावर गुरं, यामुळे दर पावसात ओढा गावात गाळ आणून टाकी. सरकारने शेतकऱ्याशी पाच वर्षांचा करार केला. बियाणं, चुना, खत, कुंपणाची तार आणि बेरोजगार तरुणांच्या पथकांची मजुरी सरकारची. शेतकऱ्याने आपली मेहनत द्यायची, उताराला आडवी पट्ट्यापट्ट्यांची पेरणी करायची आणि तीव्र उतारावरून गुरं काढून तिथे झाडं वाढू द्यायची. भूगोलज्ञ स्टॅनली ट्रिंबल यांनी पुढे कित्येक वर्षं या खोऱ्यातला गाळ मोजला. १९७५ ते १९९३ या काळात खोऱ्यात साचणारा गाळ १९३० च्या दशकाच्या तुलनेत सहा टक्क्यांवर आला होता, असं त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलं. सरकारी पैशाने केलेल्या मृदसंधारणाचा इतका लांबवर मोजलेला पुरावा क्वचितच मिळतो.

कून व्हॅलीची रीत देशभर गेली ती दोन कायद्यांनी. २७ एप्रिल १९३५ च्या कायद्याने मृदसंधारणाचं कायम खातं झालं. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतीमालाचे भाव सावरण्यासाठीचा जुना कायदा रद्द ठरवला, तेव्हा काही आठवड्यांत नवा कायदा आला. पिकाचं क्षेत्र घटवल्याबद्दल पैसे देणं घटनेत बसत नव्हतं, म्हणून आता माती धरून ठेवणारी पिकं घेतल्याबद्दल पैसे द्यायचं ठरलं. शेतकऱ्याला आधार देण्याची निकड आणि माती वाचवण्याचा उद्देश एकाच पाकिटात बसवले गेले. तेव्हापासून आजपर्यंत या अनुदानांच्या मागे हे दोन हेतू एकत्र चालत आले आहेत, आणि पैसा कुठे जातो हे बहुधा त्यांतला पहिला हेतू ठरवतो.

पण तेव्हाचं लक्ष मातीवर होतं, खालच्या पाण्यावर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त नायट्रोजन खत बाजारात आलं आणि प्रश्नाचं रूप बदललं. बांध माती अडवतो. पाण्यात विरघळलेला नायट्रेट बांधाखालून भूजलात जातो. चेसापीकच्या ओढ्यांत येणारं जवळपास निम्मं पाणी भूजलातून येतं आणि त्या भूजलाचं मध्यम वय साधारण दहा वर्षं आहे. काही ठिकाणी ते पन्नास वर्षांहून जुनंही असतं. म्हणजे आज ओढ्यात दिसणाऱ्या नायट्रोजनचा काही भाग आजोबांनी टाकलेल्या खताचा असतो.

जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळ आलं. सस्क्वेहाना नदीने काही दिवसांत एरवी कित्येक वर्षांत येईल इतका गाळ खाडीत ओतला. पाणगवताची कुरणं मेली, कालवांचे थर गाडले गेले. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून स्वच्छ पाण्याचा कायदा केला. या कायद्याने पायपांची घाण खरोखर कमी केली. सांडपाणी केंद्र बांधायला गावांना खर्चाच्या ७५ टक्के रक्कम केंद्राकडून मिळे आणि पुढच्या दोन दशकांत या कामांवर केंद्राचे ६० अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाले. शेतातल्या आणि रस्त्यावरच्या पाण्यासाठी मात्र त्याच कायद्यात एक नियोजनाचं कलम होतं, क्रमांक २०८. राज्यांनी आराखडे करावेत, एवढंच. आराखडे झाले, कपाटांत गेले. ते अमलात आणायला पैसाच नव्हता.

या काळात खाडीसाठी दोन माणसं उभी राहिली, आणि दोघांनाही सरकारी पैसा कसा हलवायचा याची चांगली जाण होती.

एक होते मेरीलँडचे सिनेटर चार्ल्स मॅथायस. १९७३ साली ते खाडीच्या काठाकाठाने फिरले, कोळ्यांना आणि शास्त्रज्ञांना भेटले. त्यांच्या आग्रहाने ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेला २ कोटी ७० लाख डॉलरचा खाडीचा अभ्यास करावा लागला. १९८३ साली आलेल्या निष्कर्षांनी मुख्य दोष नायट्रोजन आणि फॉस्फरसवर ठेवला, आणि त्यातला मोठा वाटा शेतजमिनीतून येतो हेही नोंदवलं. त्याच वर्षी ९ डिसेंबरला मेरीलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्वेनिया, वॉशिंग्टन शहर, राज्यांचा संयुक्त चेसापीक आयोग आणि ईपीए यांनी पहिला खाडी करार केला.

दुसरे बर्नी फाउलर. पटक्सेंट नदीकाठच्या ब्रूम्स आयलंडवर वाढलेले, नौदलात जाऊन आलेले, होड्या भाड्याने देण्याचा धंदा करणारे. तारुण्यात पटक्सेंटमध्ये छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायांजवळचे खेकडे दिसत, ही त्यांची आठवण. वरच्या अंगाला बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांच्या मधली उपनगरं वाढली, त्यांची सांडपाणी केंद्रं नदीत उतरली आणि पाणी गढूळलं. कॅल्व्हर्ट काउंटीचे आयुक्त झाल्यावर फाउलर शेजारच्या दोन काउंट्यांना सोबत घेऊन राज्य आणि केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. सरकारी मत होतं की फॉस्फरस काढला की पुरे. सोलोमन्स इथल्या सागरी प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ सांगत होते की खारट पाण्यात नायट्रोजनही तितकाच घातक आहे. १९८१ साली सगळे पक्ष एकत्र बसले आणि नायट्रोजनही काढायचा असं ठरलं. पुढे साऱ्या खाडीच्या धोरणाने हीच दिशा घेतली.

१९८८ पासून फाउलर दर जूनमध्ये पांढरे बूट घालून लोकांसह हातात हात गुंफून नदीत उतरू लागले. बूट दिसेनासे होतील तिथली खोली मोजायची आणि जाहीर करायची. पहिल्या वर्षी ती दहा इंच होती. त्यांच्या आठवणीतल्या १९५० च्या दशकातली खोली ६३ इंच. १९९७ साली ती ४४.५ इंचांपर्यंत चढली, पण ६३ ची बरोबरी कधीच झाली नाही. शास्त्रीय उपकरणांपेक्षा हे मोजमाप ढोबळ होतं, तरी त्याला एक ताकद होती. किती कुंपणं घातली आणि किती टाक्या बांधल्या हे सरकारी अहवाल सांगत. पाणी निवळलं का, हे फाउलर सांगत. डिसेंबर २०२१ मध्ये, ९७ व्या वर्षी, ते गेले.

दरम्यान केंद्राने एक छोटा प्रयोग केला होता. १९८० साली ग्रामीण स्वच्छ पाणी कार्यक्रम सुरू झाला. देशभरात २१ प्रकल्प, आणि त्यांतले मेरीलँडची डबल पाइप क्रीक, पेनसिल्वेनियातलं कोनेस्टोगा नदीचं वरचं खोरं, व्हर्जिनियातलं नॅन्समंड-चकटक हे चेसापीकच्या पाणलोटातले. कोनेस्टोगा म्हणजे लँकेस्टर काउंटी, घोड्यांनी नांगरणाऱ्या आमिश आणि मेनोनाइट शेतकऱ्यांचा मुलूख. जमीन कमी, दुभती जनावरं भरपूर आणि शेणखताचे ढीग. या समाजातले अनेकजण सरकारी मदत घेणं धर्माच्या आणि स्वावलंबनाच्या विरुद्ध मानतात. अनुदान समोर ठेवूनही फार थोडे पुढे आले. इथून मिळालेला धडा मोलाचा होता. खत साठवायची पक्की टाकी बांधणं महाग पडतं. कुठल्या वावरात किती खत लागतं याचा हिशेब बसवून तेवढंच टाकणं स्वस्त आणि अधिक उपयोगी असतं. टाकी बांधूनही खत पूर्वीइतकंच टाकलं तर नदीला फरक पडत नाही. सरकारी खर्चाला मात्र टाकी दाखवणं सोपं जातं, आणि अनुदानाच्या इतिहासातली ही खोड अजून पुरती गेलेली नाही.

खाडी करारानंतर राज्यं पुढे सरसावली. मेरीलँडने १९८४ साली शेतकऱ्यांसाठी खर्चवाट्याची योजना आणली. गुरं ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण, त्यांच्यासाठी वेगळी पाणपोई, पाणी वळवणाऱ्या गवताच्या चऱ्या, खताच्या टाक्या अशा कामांचा ८७.५ टक्क्यांपर्यंत खर्च राज्य देऊ लागलं. १९८५ साली फॉस्फेट असलेल्या साबणपुडीवर बंदी आली.

केंद्राचं पाऊल १९८७ साली पडलं. स्वच्छ पाण्याच्या कायद्याची दुरुस्ती राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी खर्चाचं कारण देऊन फेटाळली. प्रतिनिधीगृहाने ४०१ विरुद्ध २६ आणि सिनेटने ८६ विरुद्ध १४ मतांनी त्यांचा नकार मोडला. ४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा झाला आणि त्यात कलम ३१९ आलं. राज्यांनी आपापल्या नद्या-तळ्यांना शेती, जंगलतोड, खाणी आणि वस्त्यांच्या पाण्याने काय होतं ते तपासावं, कार्यक्रम आखावा आणि केंद्राकडून ६० टक्क्यांपर्यंत खर्च घ्यावा. उरलेले ४० टक्के राज्यांनी, गावांनी, संस्थांनी किंवा शेतकऱ्यांनी उभे करायचे. स्वतःच्या श्रमाचीही त्यात गणना होऊ शकते. या कलमाखाली कुणावर सक्ती नाही. पहिला निधी १९९० च्या अर्थसंकल्पात मिळाला. अलीकडच्या वर्षांत संबंध देशासाठीची ही रक्कम १७ ते १८ कोटी डॉलरच्या घरात आहे. पन्नास राज्यं, असंख्य नद्या आणि एवढीच रक्कम. सांडपाणी केंद्रांवर ओतलेल्या अब्जावधींशी तिची तुलना केली तर प्राधान्य कशाला होतं ते सांगायला नको.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये पोकोमोक नदीत अंगावर जखमा असलेले मासे तरंगू लागले. फिस्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवाचं नाव पुढे आलं. त्यावर शास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला. लोकांनी मेरीलँडची मासळी घ्यायचं सोडलं. गव्हर्नर पॅरिस ग्लेंडेनिंग यांनी नदीचे काही भाग बंद केले आणि सगळ्यांचं लक्ष डेल्मार्वा द्वीपकल्पावरच्या प्रचंड कोंबडीपालनाकडे आणि शेतात पसरल्या जाणाऱ्या कोंबडीखताकडे गेलं. १९९८ साली मेरीलँडने खतवापराचा आराखडा शेतकऱ्याला बंधनकारक केला. निव्वळ स्वेच्छेवर चालणारी व्यवस्था पहिल्यांदा सक्तीला टेकली ती तेव्हा. त्याआधीच्या वर्षी मेरीलँड आणि केंद्र यांनी एक लाख एकर जमीन भाड्याने घ्यायची योजना सुरू केली होती. शेतकऱ्याने ओढ्याकाठचा पट्टा दहा-पंधरा वर्षं झाडांना आणि गवताला सोडायचा, सरकारने भाडं द्यायचं. अशी योजना करणारं मेरीलँड हे देशातलं पहिलं राज्य.

यापुढचा पैसा कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. २००४ साली गव्हर्नर रॉबर्ट अर्लिक यांनी खाडीनिधीचा कायदा केला. सांडपाण्याच्या जोडणीमागे दर घराने महिन्याला अडीच डॉलर द्यायचे. २०१२ साली ते पाच झाले. लोकांनी त्याला संडासाच्या साखळीवरचा कर असं नाव दिलं. त्यातून राज्यातल्या ६७ मोठ्या सांडपाणी केंद्रांची सुधारणा झाली. ज्यांच्या घरी सेप्टिक टाकी आहे त्यांच्याकडून वेगळी वर्षाची रक्कम घेतली जाऊ लागली आणि तिचा एक हिस्सा शेतकऱ्याला आच्छादन पीक पेरायला मिळू लागला. मका निघाल्यावर रान उघडं न ठेवता राय हे धान्य, गहू किंवा बार्ली पेरायची. ही पिकं हिवाळ्यात मुळांनी उरलेला नायट्रोजन ओढून घेतात, भूजलाकडे जाऊ देत नाहीत. चांगल्या वर्षी मेरीलँडमध्ये चार लाख एकरांहून अधिक रानावर हे पीक उभं असतं. विरघळलेल्या नायट्रोजनवर इतका साधा आणि स्वस्त उपाय दुसरा सापडलेला नाही, आणि शहरी घराच्या टाकीतून शेतकऱ्याच्या रानापर्यंत पैसा नेणारी ही रचना या सगळ्या इतिहासातली सर्वांत न्याय्य रचना म्हणावी लागेल.

शहरातल्या पाण्याच्या वेळी तेवढा सुसंवाद झाला नाही. छपरं, डांबरी रस्ते आणि वाहनतळ यांवरून धावणाऱ्या पाण्यासाठी २०१२ साली मेरीलँडने बाल्टिमोर शहर आणि नऊ काउंट्यांना शुल्क घेणं बंधनकारक केलं. विरोधकांनी त्याला पावसावरचा कर म्हटलं. फ्रेडरिक काउंटीने मालमत्तेमागे एक सेंट शुल्क ठेवून निषेध नोंदवला. २०१४ ची निवडणूक या मुद्द्यावर गाजली, लॅरी होगन गव्हर्नर झाले आणि २०१५ साली सक्ती उठली. काउंट्यांना हवं तर शुल्क घेण्याची मुभा राहिली. मॉन्टगोमेरी आणि हॉवर्ड या काउंट्यांत बरीच मराठी घरं आहेत. त्यांच्या मालमत्ता कराच्या बिलात ही रक्कम असते. वर्षाच्या त्या ओळीमागे एवढा वाद होऊन गेला आहे, हे बिल भरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

डिसेंबर २०१० मध्ये ईपीएने साऱ्या पाणलोटासाठी मर्यादा घालून दिली. नायट्रोजन २५ टक्क्यांनी, फॉस्फरस २४ टक्क्यांनी आणि गाळ २० टक्क्यांनी घटवायचा, त्यासाठीची सगळी कामं २०२५ पर्यंत झालेली हवीत. शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने दावा लावला, २१ राज्यांचे महाधिवक्ते तिच्या बाजूने उभे राहिले. २०१५ साली अपील न्यायालयाने मर्यादा कायम ठेवली आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला. कायद्याची लढाई जिंकली, पण मुदत पाळली गेली नाही. गाळाचं लक्ष्य गाठलं गेलं. नायट्रोजन बराच मागे राहिला आणि त्यातला मोठा उरलेला भाग शेतीचा आहे, विशेषतः पेनसिल्वेनियाच्या शेतीचा.

तरी हा पैसा वाया गेला असं म्हणणं सरळ चुकीचं आहे. १९५० नंतर पाणलोटातली लोकसंख्या दुपटीहून जास्त वाढून १ कोटी ८० लाखांच्या पुढे गेली, आणि तरीही १९८४ पासून खाडीतलं नायट्रोजनचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. पाणगवत १९८४ साली सुमारे ३८ हजार एकरांवर होतं; २०१७ साली ते प्रथमच एक लाख एकरांच्या पुढे गेलं. सस्क्वेहानाच्या मुखाशी अ‍ॅग्नेसने मारलेली कुरणं परत उगवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने या पुनरुज्जीवनाचा संबंध खत आणि सांडपाण्यावरच्या उपायांशी सरळ जोडून दाखवला. त्याच वर्षी पाऊस विक्रमी झाला आणि पुढच्या वर्षी गवत एक तृतीयांशाहून अधिक घटलं. म्हणजे मिळवलेलं टिकवायलाही दरवर्षी खर्च करावा लागतो. रायचं पीक एका हिवाळ्यापुरतं असतं. पैसे थांबले की पुढच्या हिवाळ्यात रान पुन्हा उघडं.

मे २०२३ मध्ये खाडी कार्यक्रमाच्या शास्त्रीय सल्लागार समितीने परखड अहवाल दिला. शेतीच्या पाण्यावरच्या योजना कागदावर दिसतात तितका परिणाम करत नाहीत, कारण पैसा काम केल्याबद्दल दिला जातो, पाणी निवळल्याबद्दल नाही. जो शेतकरी आधीपासून नीट वागतो तोच अर्ज भरतो, आणि जिथून सर्वांत जास्त नायट्रोजन उतरतो त्या वावराचा मालक बहुधा रांगेत नसतो. मेरीलँडने २०१७ पासून प्रत्यक्ष घटलेल्या प्रदूषणाच्या प्रमाणात पैसे देण्याचा एक निधी उभा केला आहे. दिशा बरोबर आहे, मात्र अशा निधीचा आकार अजून जुन्या योजनांच्या मानाने लहान आहे.

एकेका अर्जाला थोडं थोडं अनुदान देत राज्यभर पसरण्यापेक्षा एक खोरं निवडून त्यातल्या प्रत्येक वावरावर, रस्त्यावर आणि छपरावर एकदम काम केलं तर ओढा निवळलेला दिसतो, हे कून व्हॅलीने १९३० च्या दशकातच दाखवलं होतं. मेरीलँडने २००५ साली सेंटरव्हिलजवळच्या कॉर्सिका नदीच्या छोट्या खोऱ्यात तसा एक प्रयत्न सुरू केला होता. २०२४ साली राज्याने संपूर्ण पाणलोट कायदा केला. त्यानुसार पाच खोरी निवडायची, पाच वर्षं तिथेच निधी आणि परवानग्या एकवटायच्या आणि परिणाम त्याच ओढ्यांत मोजायचे. बेनेटच्या पद्धतीकडे हे राज्य नव्वद वर्षांनी वळलं आहे. उशीर फार झाला असला तरी निर्णय योग्य आहे, आणि पेनसिल्वेनियाने लँकेस्टरपासून त्याची सुरुवात करावी.